ताऱ्यांची ओळख : तेज आणि तापमान

रात्रीच्या आकाशातील एखादा तारा किती तेजस्वी आहे आणि किती तप्त आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ताऱ्यांचे आधुनिक वर्गीकरण उभे आहे. पहिल्या प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे, दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर मिळून अवघी शंभर वर्षे झाली आहेत. ही दोन्ही उत्तरे एकत्र मांडली, तेव्हाच ताऱ्यांचे जन्म, आयुष्य आणि अंत यांची संगती लागली. या वाटचालीत जयपूर, मद्रास, कोलकाता आणि पुणे या भारतीय शहरांचाही वाटा आहे. विशेष म्हणजे हे संपूर्ण वर्गीकरण हिवाळ्यातील एका रात्री, जयपूरच्या आदर्श नगरसारख्या गजबजलेल्या वस्तीतील गच्चीवरूनही, दुर्बिणीविना पाहता येते.

जयपूर आणि ‘अल्माजेस्ट’

सवाई जयसिंह यांनी १७२७ साली जयपूर नगर वसवले आणि पुढील काही वर्षांत तेथे जंतरमंतर ही वेधशाळा उभारली. २०१० साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. आदर्श नगर ही वस्ती जुन्या शहराच्या परकोट्याबाहेर, आग्नेयेस आहे. तेथून ही वेधशाळा फार दूर नाही.

जयसिंहांच्या पदरी असलेल्या विद्वानांत जगन्नाथ सम्राट यांचे स्थान अग्रगण्य होते. परंपरेने ते महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी अरबी भाषा आत्मसात करून दोन मोठे ग्रंथ संस्कृतात आणले. युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ हे त्यातील एक. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईहून दोन खंडांत छापला गेला. दुसरा ग्रंथ म्हणजे ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी याचा ‘अल्माजेस्ट’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या ग्रंथाचा त्यांनी केलेला संस्कृत अवतार १७३२ च्या सुमारास सिद्ध झाला आणि ‘सम्राट्सिद्धांत’ या नावाने प्रसिद्ध झाला.

टॉलेमीच्या मूळ ग्रंथात १०२२ ताऱ्यांची सूची आहे. प्रत्येक ताऱ्याचे स्थान आणि त्याचे तेज तीत नोंदलेले आहे. तेजाप्रमाणे ताऱ्यांचे सहा वर्ग केले आहेत. सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या वर्गात, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारे तारे सहाव्या वर्गात. या वर्गालाच मराठीत ‘प्रत’ असे म्हणतात. सूचीत पहिल्या प्रतीचे १५, दुसऱ्या प्रतीचे ४५ आणि तिसऱ्या प्रतीचे २०८ तारे आहेत. उरलेले सर्व त्याहून मंद आहेत.

जंतरमंतरमधील यंत्रांचा मुख्य हेतू मात्र वेगळा होता. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत क्षितिजाशी सुमारे २७ अंशांचा कोन करते, कारण जयपूरचे अक्षांश तेवढेच आहेत. ही भिंत ध्रुवाच्या दिशेने रोखलेली आहे. तिची सावली वेळ सांगते, तर इतर यंत्रे ग्रहताऱ्यांची स्थाने सांगतात. तारा कोठे आहे, याचे उत्तर दगडी यंत्रे देऊ शकत होती. तारा काय आहे, याचे उत्तर देण्याचे साधन त्या काळी जगात कोठेही नव्हते.

प्रतीचे गणित

सहा प्रतींची ही विभागणी डोळ्यांच्या अंदाजावर आधारलेली होती. तिला गणिती बैठक देण्याचे काम १८५६ साली इंग्लंडमधील नॉर्मन पॉग्सन यांनी केले. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे शंभर पट तेजस्वी असतो, हे लक्षात घेऊन त्यांनी पाच प्रतींचे अंतर म्हणजे बरोबर शंभर पट, असा नियम सुचवला. त्यामुळे एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे २.५१२ पट तेज असे प्रमाण ठरले. हेच पॉग्सन पुढे १८६१ साली मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून भारतात आले आणि १८९१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच कार्यरत राहिले.

या पद्धतीत आकडा जितका लहान, तितके तेज अधिक. अतितेजस्वी गोलांसाठी शून्याखालील, म्हणजे ऋण आकडे वापरावे लागतात. व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा असून त्याची प्रत उणे १.४६ आहे. पौर्णिमेच्या चंद्राची प्रत सुमारे उणे १२.७, तर सूर्याची उणे २६.७ आहे. ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी असल्याचा समज सर्वत्र आढळतो, परंतु त्याची प्रत सुमारे २ आहे. त्याचे महत्त्व स्थानामुळे आहे, तेजामुळे नव्हे.

दिसणारे तेज आणि खरे तेज

वरील सर्व आकडे तारा पृथ्वीवरून कसा दिसतो ते सांगतात. म्हणून त्यांना ‘दृश्य प्रत’ म्हणतात. जवळची पणती दूरच्या दीपस्तंभापेक्षा अधिक उजळ दिसू शकते. ताऱ्यांचेही तसेच आहे. खरे तेज जाणण्यासाठी अंतर माहीत असणे अपरिहार्य ठरते.

ताऱ्याचे अंतर मोजण्याची मूलभूत पद्धत म्हणजे पराशय. हाताचे बोट डोळ्यांसमोर धरून एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा मिटला, तर मागच्या भिंतीच्या संदर्भात बोट सरकल्यासारखे भासते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा सहा महिन्यांच्या अंतराने आपण कक्षेच्या दोन विरुद्ध टोकांना असतो. त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. हे सरकणे अतिशय सूक्ष्म असते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर या पद्धतीने प्रसिद्ध केले.

अंतर समजल्यावर सर्व ताऱ्यांची तुलना एकाच अंतरावरून करता येते. यासाठी ३२.६ प्रकाशवर्षे हे अंतर प्रमाण मानले आहे. त्या अंतरावरून तारा ज्या प्रतीचा दिसेल, ती त्याची ‘निरपेक्ष प्रत’. सूर्याची निरपेक्ष प्रत सुमारे ४.८ आहे. म्हणजे आपला सूर्य तेथे नेऊन ठेवला, तर मोठ्या शहरातून तो नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही.

व्याध आणि मृग नक्षत्रातील राजन्य या दोन ताऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. व्याध राजन्यापेक्षा चार पटींहून अधिक उजळ दिसतो. परंतु व्याध केवळ ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, तर राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. राजन्य व्याधाच्या जागी आणला, तर तो दहा प्रतींनी उजळेल आणि अर्धचंद्राच्या तोडीचा प्रकाश देईल. डोळ्यांना दिसणारा क्रम खऱ्या क्रमाच्या नेमका उलट असू शकतो, तो असा.

रंग म्हणजे तापमान

ताऱ्यांचे रंग भिन्न असतात, ही गोष्टही प्राचीनांच्या ध्यानात आली होती. टॉलेमीने सहा तारे तांबूस असल्याचे नोंदले आहे. रोहिणी, ज्येष्ठा आणि स्वाती हे त्यांपैकी होत. आज शुभ्र दिसणारा व्याधही त्याने तांबूस ताऱ्यांत का गणला, यावर अभ्यासकांनी दीर्घकाळ वाद घातला आहे. रंगाचा अर्थ मात्र त्या काळी कोणालाही सांगता येत नव्हता.

लोहाराच्या भट्टीतील लोखंड प्रथम तांबडे होते, मग नारिंगी, पुढे पिवळे, आणि उष्णता फार वाढली की पांढरे दिसू लागते. तप्त वस्तूचे तापमान जसे वाढते, तसा तिच्या प्रकाशातील भर तांबड्या टोकाकडून निळ्या टोकाकडे सरकतो. ताऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. तांबडे तारे तुलनेने थंड, पिवळे मध्यम, तर निळसर तारे सर्वांत तप्त असतात. घरातील नळावर तांबडा रंग गरम पाण्याचा आणि निळा थंड पाण्याचा मानला जातो. आकाशात त्याच्या उलट समजावे लागते.

तापमान मोजण्यासाठी केल्व्हिन हे एकक वापरतात. केल्व्हिनमधील आकड्यातून २७३ वजा केले की सेल्सियसमधील तापमान मिळते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,७७२ केल्व्हिन आहे. येथे आणि पुढे तापमान म्हणजे पृष्ठभागाचेच समजावे. गाभ्याचे तापमान कोट्यवधी अंशांचे असते.

मंद ताऱ्यांचे रंग डोळ्यांना जाणवत नाहीत, ते सगळे पांढरटच दिसतात. अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतील पेशींना रंगभेद कळत नाही, हे त्याचे कारण. म्हणून रंग पाहायचा तर तेजस्वी ताराच निवडावा लागतो.

वर्णपट आणि सात अक्षरे

केवळ रंगावर विसंबून चालत नाही, कारण वाटेतील धूलिकणांमुळे ताऱ्याचा प्रकाश तांबूस होऊ शकतो. अधिक खात्रीचा पुरावा वर्णपटात मिळतो. लोलकातून प्रकाश गेला की तो इंद्रधनुष्यासारखा विखुरतो. १८१४ साली योझेफ फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा पाहिल्या. १८५९ साली किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी त्यांचा उलगडा केला. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेते आणि त्या जागी काळी रेषा उमटते. रेषा म्हणजे जणू मूलद्रव्याची सही होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांची हजारो छायाचित्रे जमा झाली. त्यांची छाननी प्रामुख्याने तेथील स्त्री-संशोधकांनी केली. विल्यमिना फ्लेमिंग यांनी हायड्रोजनच्या रेषा किती ठळक आहेत यावरून ताऱ्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली. पुढे ॲनी जंप कॅनन यांनी अनावश्यक अक्षरे वगळली आणि उरलेल्यांचा क्रम बदलला. १९०१ साली त्यांनी मांडलेला क्रम असा : ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. प्रत्येक अक्षराचे पुन्हा शून्य ते नऊ असे उपविभाग करण्यात आले. १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या हेन्री ड्रेपर सूचीत सुमारे २ लाख २५ हजार ताऱ्यांचे वर्गीकरण आहे, ते कॅनन यांच्या हातचे.

या सात वर्गांची अंदाजे तापमाने आणि रंग पुढीलप्रमाणे आहेत :

‘ओ’ : ३०,००० केल्व्हिनहून अधिक, निळा.
‘बी’ : १०,००० ते ३०,०००, निळसर पांढरा.
‘ए’ : ७,५०० ते १०,०००, पांढरा.
‘एफ’ : ६,००० ते ७,५००, पिवळसर पांढरा.
‘जी’ : ५,२०० ते ६,०००, पिवळा.
‘के’ : ३,७०० ते ५,२००, नारिंगी.
‘एम’ : ३,७०० हून कमी, तांबडा.

सूर्याचा वर्ग ‘जी-२’ आहे. ताऱ्याइतके वस्तुमान नसलेल्या, अधिक थंड अशा गोलांसाठी पुढे ‘एल’, ‘टी’ आणि ‘वाय’ हे वर्ग जोडण्यात आले.

मेघनाद साहा यांचा उलगडा

हा क्रम तापमानाशी निगडित आहे, असा तर्क होता, पण रेषा तशाच का बदलतात, हे कोडे होते. काही ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक, तर काहींत अगदी पुसट दिसतात. मग सर्व ताऱ्यांची द्रव्येच निरनिराळी आहेत काय, असा प्रश्न पडत होता.

त्याचे उत्तर भारतीय शास्त्रज्ञाने दिले. कोलकात्यात अध्यापन करणाऱ्या मेघनाद साहा यांनी १९२० साली आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि पुढील वर्षी ते ताऱ्यांच्या वर्णपटांना लागू केले. तापमान वाढले की अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटू लागतात. किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, हे वायूचे तापमान आणि दाब यांवर ठरते. सूर्यासारख्या ताऱ्यात हायड्रोजन विपुल आहे, पण दृश्य प्रकाशातील रेषा उमटवण्याइतपत चेतलेले अणू थोडे आहेत. ‘ओ’ वर्गाच्या ताऱ्यात उष्णता एवढी, की बहुतेक अणूंचा इलेक्ट्रॉनच निघून गेलेला असतो. या दोहोंच्या मध्ये, सुमारे १०,००० केल्व्हिनला, म्हणजे ‘ए’ वर्गाच्या आसपास, हायड्रोजनच्या रेषा सर्वाधिक ठळक होतात.

या समीकरणामुळे वर्णपट म्हणजे तापमापकच बनला. सेसिलिया पेन यांनी १९२५ साली त्याच्याच आधारे ताऱ्यांमध्ये हायड्रोजन हेच प्रमुख द्रव्य असल्याचे दाखवले. तेव्हाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना हा निष्कर्ष पटला नव्हता, पण काही वर्षांतच तो मान्य झाला. बहुतेक ताऱ्यांची घडण सारखीच आहे, वर्णपटांत भेद दिसतो तो मुख्यतः तापमानाचा, हे त्यातून सिद्ध झाले.

दोन उत्तरे एका आकृतीत

तेज आणि तापमान या दोन्ही गोष्टी हाती आल्यावर त्यांचा परस्परसंबंध शोधणे स्वाभाविक होते. डेन्मार्कचे आयनार हर्ट्‌झस्प्रंग यांनी १९११ साली आणि अमेरिकेचे हेन्री नॉरिस रसेल यांनी १९१३ साली स्वतंत्रपणे तशी आकृती तयार केली. तिच्या उभ्या अक्षावर खरे तेज आणि आडव्या अक्षावर तापमान किंवा वर्णपटाचा वर्ग असतो. तप्त तारे डावीकडे, थंड तारे उजवीकडे, अशी तिची मांडणी आहे.

तारे या आकृतीत कसेही विखुरलेले नसतात. सुमारे नव्वद टक्के तारे डावीकडे वर ते उजवीकडे खाली अशा एका तिरप्या पट्ट्यात येतात. हा ‘मुख्य क्रम’ होय. या पट्ट्यातील तारे गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करून ऊर्जा मिळवतात. जो तारा अधिक वस्तुमानाचा, तो अधिक तप्त आणि अधिक तेजस्वी. सूर्य याच पट्ट्यात, मध्याच्या थोडा खाली आहे.

उजवीकडे वरच्या बाजूला मात्र थंड असूनही अतितेजस्वी तारे आढळतात. थंड पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर थोडाच प्रकाश देतो. तरीही एकूण तेज मोठे असेल, तर पृष्ठभागच अवाढव्य असला पाहिजे. मृग नक्षत्रातील काक्षी, ज्याला पाश्चात्त्य लोक बेटेलज्यूज म्हणतात, तो असा तारा आहे. त्याचे तापमान सुमारे ३,६०० केल्व्हिन. त्याच्या पृष्ठभागाचा एक तुकडा सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या तुलनेत सुमारे एक सप्तमांश ऊर्जा देतो. तरीही त्याचे एकूण तेज सूर्याच्या कित्येक सहस्रपट आहे. तो सूर्याच्या जागी ठेवला, तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. अशा ताऱ्यांना राक्षसी आणि महाराक्षसी तारे म्हणतात.

आकृतीत डावीकडे खाली याच्या उलट प्रकार दिसतो. तेथील तारे तप्त, पण अत्यंत मंद आहेत. त्यांचा आकार पृथ्वीएवढा लहान असतो. त्यांना श्वेतबटू म्हणतात. व्याधाचा जोडीदार तारा याच जातीचा आहे. १८६२ साली तो दुर्बिणीतून प्रथम दिसला. त्याचे तापमान व्याधापेक्षा दुपटीहून अधिक आहे, पण तो व्याधाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद दिसतो. त्याचे वस्तुमान मात्र जवळजवळ सूर्याएवढे आहे.

एकाच तापमानाचे दोन तारे आकाराने इतके भिन्न असू शकतात, म्हणून केवळ वर्णपटाचे अक्षर पुरेसे ठरत नाही. १९४३ साली मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी अक्षराला तेजाच्या गटाची जोड दिली. पहिला गट महाराक्षसी ताऱ्यांचा, तिसरा राक्षसी ताऱ्यांचा आणि पाचवा मुख्य क्रमातील ताऱ्यांचा. हा गटही वर्णपटावरूनच कळतो. राक्षसी ताऱ्याचा वायू विरळ असतो, त्याचा दाब कमी असतो, म्हणून त्याच्या रेषा बारीक आणि रेखीव दिसतात. हार्वर्डमधील अँटोनिया मॉरी यांनी हा भेद १८९७ सालीच नोंदला होता. ‘जी-२, गट पाचवा’ एवढ्या संकेतात सूर्याची पुरेशी ओळख सामावते.

वर्गीकरणातून आयुष्याची कहाणी

ही आकृती ताऱ्याच्या वाटचालीचा नकाशाही आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे असून मुख्य क्रमातील त्याचा मुक्काम एकूण सुमारे १,००० कोटी वर्षांचा आहे. त्यानंतर तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि अखेरीस श्वेतबटू म्हणून उरेल. ‘ओ’ वर्गाचे तारे आपले इंधन उधळपट्टीने जाळतात आणि काही दशलक्ष वर्षांतच संपतात. उलट ‘एम’ वर्गाचे लहान तारे इतके काटकसरी, की विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात त्यांच्यापैकी कोणाचेही हायड्रोजन संपलेले नाही.

सूर्याच्या परिसरातील सुमारे तीन चतुर्थांश तारे याच ‘एम’ वर्गातील लाल बटू आहेत, परंतु त्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षांवरील प्रॉक्सिमा हा ताराही लाल बटू असून तो दुर्बिणीतूनच दिसतो. आपण रात्री पाहतो ते तारे म्हणूनच आकाशाचे प्रातिनिधिक चित्र नव्हे. मोजक्या धनाढ्यांचे वाडे पाहून साऱ्या गावाची कल्पना करावी, तसा तो प्रकार आहे.

ही उणीव भरून काढली ती युरोपच्या गाइया या अंतराळ दुर्बिणीने. २०१३ साली सोडलेल्या या यानाने जानेवारी २०२५ पर्यंत निरीक्षणे केली. त्याच्या २०२२ सालच्या माहितीसंचात सुमारे १४६ कोटी ताऱ्यांचे पराशय नोंदलेले आहेत.

पुण्यातील प्रयत्न

वर्णपटाच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रातही जुनी आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तेथे २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण होती. जानेवारी १८९८ मधील खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण त्यांनी जेऊर येथून केले. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनाल येथे नेण्यात आली.

पुण्यातील आयुका या संस्थेत १९९० च्या दशकात ताऱ्यांचे वर्णपट संगणकाकडून ओळखून घेण्याचे प्रयोग झाले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेली संगणकप्रणाली वापरली होती. एकेक वर्णपट डोळ्यांखालून घालण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होता. पुढे २००४ साली भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १,२७३ ताऱ्यांच्या वर्णपटांचा संग्रह प्रसिद्ध केला. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुणे जिल्ह्यात गिरवली येथे असून तिचे उद्घाटन २००६ साली झाले.

आदर्श नगरच्या गच्चीवरून

जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास आदर्श नगरातून दक्षिणेकडे पाहिल्यास मृग नक्षत्र उंचावर दिसते. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि त्याच्या मध्ये एका रेषेत तीन तारे, ही त्याची खूण. हे तीन तारे म्हणजे मृगाला लागलेला बाण. येथून आरंभ केल्यास साती वर्ग क्रमाने पाहता येतात.

‘ओ’ : बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत डावीकडचा, म्हणजे पूर्वेचा तारा. सातांत हाच सर्वांत मंद दिसतो, तरी त्याची प्रत २ हून कमी आहे.
‘बी’ : चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील राजन्य. निळसर पांढरा महाराक्षसी तारा.
‘ए’ : बाणाची रेषा डावीकडे खाली वाढवली की येणारा व्याध.
‘एफ’ : व्याधाच्या डावीकडे वर, पूर्वेस असलेला प्रश्वा. अंतर सुमारे ११.५ प्रकाशवर्षे.
‘जी’ : उत्तरेकडे तोंड करून मान उंच केली की दिसणारा ब्रह्महृदय. हा प्रत्यक्षात दोन राक्षसी ताऱ्यांची जोडी आहे. रंगाने तो सूर्याच्या जवळचा आहे.
‘के’ : बाणाची रेषा उजवीकडे वर वाढवली की येणारी नारिंगी रोहिणी. अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षे.
‘एम’ : चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील तांबूस काक्षी.

राजन्य आणि काक्षी एकाच चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत असल्यामुळे त्यांच्या रंगांतील भेद सहज लक्षात येतो. काक्षीचे तेज बदलते असते. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या आरंभापर्यंत तो नेहमीच्या मानाने बराच मंदावला होता. त्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून तयार झालेली धूळ आड आल्याने असे घडल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले.

महाराष्ट्रातून जयपुरात गेलेल्यांना आणखी एक फरक जाणवेल. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो, जयपुरात तो सुमारे सत्तावीस अंशांवर असतो. याउलट दक्षिणेकडील अगस्त्य पुण्यात सुमारे एकोणीस अंशांपर्यंत चढतो, पण जयपुरात जेमतेम साडेदहा अंशांपर्यंत. घरांच्या ओळीआड तो सहज लपतो.

हरवलेल्या प्रती

वरील सातही तारे शहराच्या उजेडात टिकून राहतात, ते तेजस्वी असल्यामुळे. बाकीच्यांची स्थिती वेगळी आहे. मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत साधारणपणे तिसऱ्या प्रतीपलीकडचे तारे दिसेनासे होतात. संपूर्ण आकाशात तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे दोनशेहून कमी आहेत, तर सहाव्या प्रतीपर्यंतचे सुमारे पाच हजार. टॉलेमीच्या सूचीशी ताडून पाहिले, तर तिच्यातील जवळजवळ तीन चतुर्थांश तारे चौथ्या प्रतीचे किंवा त्याहून मंद आहेत. ज्या नगरात हा ग्रंथ संस्कृतात आला, तेथेच त्यातील बहुतेक तारे आता उजेडात बुडाले आहेत. पुणे, मुंबई, नागपूर येथील स्थितीही निराळी नाही.

ही हानी भरून निघणारी आहे. इतर काही प्रदूषणे निवळायला वर्षे लागतात, दिवा मात्र मालवला की त्याच क्षणी अंधार परततो. दिव्यांवर झाकण घालून प्रकाश केवळ जमिनीकडे वळवणे आणि गरज नसेल तेव्हा ते बंद ठेवणे, एवढ्यानेही आकाश पुष्कळ खुले होते. लडाखमधील हानले परिसर २०२२ साली काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली अशीच आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

ताऱ्याविषयी आपल्याला जे काही कळते, ते त्याच्या प्रकाशातूनच. त्याचे तेज, रंग आणि वर्णपटातील रेषा यांवरून त्याचे तापमान, आकार, वय आणि भवितव्य सांगता येते. त्यासाठी तो प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढीच पूर्वअट आहे.